निळ्या देवाचा कौल

आमच्या आक्काला पाक कळतो, माणसं कळत नाहीत, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. तोंडावर नव्हे हो. तोंडावर म्हटलं असतं तर आज हे सांगायला उरलो नसतो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण कमलाक्षी. केरीला दिलेली. पेडणे-डिचोलीत जिथे जत्रा तिथे तिचं खाज्याचं दुकान. बेसनाच्या कांड्या तळायच्या, आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायच्या, झालं खाजं. ऐकायला सोपं. पाक जरा पुढे गेला की दात पडतात, मागे राहिला की हाताला नुसता लगदा. आक्का उकळत्या पाकात बोट बुडवते, तेच बोट गार पाण्यात घालते आणि सांगते, "काढ." आमच्याकडे जत्रा रात्रभर चालते, पहाटे पालखी देवळात परतते, दशावतारी नाटक संपतं आणि लोक घरी जाता जाता खाजं बांधून घेतात. म्हणजे आक्काचा खरा धंदा पहाटेचा. तिने जितक्या पहाटा पाहिल्या तितक्या कोंबड्यानेही पाहिल्या नसतील.

मी मधुकर. बसचा ड्रायव्हर होतो, साखळीहून पणजीला. निवृत्त झालो तेव्हा बायको म्हणाली, "आता प्रवासी नाहीत, तुम्ही भांडणार कुणाशी?" म्हटलं, देव देईल कुणीतरी. देवाने भाचा दिलेला होताच.

भाचा म्हणजे रुद्रेश, आक्काचा एकुलता एक झील. भावोजी शिवदास गेले तेव्हा तो शाळेत होता. आक्काने त्याला खाज्यावर वाढवला, हॉटेलचं शिक्षण दिलं, आणि तो बोटीवर गेला. बोटीवर जाणं आमच्याकडे नवल नव्हे, वाड्यावाड्यात एकेक आहे. पण बाकीचे परत येतात, घर बांधतात, चवथीला मोठमोठे स्पीकर लावून गावाचे कान फोडतात. हा त्रिनिदाद नावाच्या बेटावर उतरला तो उतरलाच. तिथल्या हॉटेलात स्वयंपाकघर सांभाळतो, तिथलीच बायको केली. केली तर केली. आक्काने त्याचंही वाईट वाटून घेतलं नाही. फोनवर सूनबाईचं तोंड बघून म्हणाली, "दात बरे आसत हिचे. खाजां खातली." तिचं दुखणं एकच होतं. झील घरी येणार की नाही?

आणि हा बाबा नाही म्हणेल तर शपथ! "येतंय गे आये, पुढल्या जत्रेक नक्की." पुढली जत्रा यायची, जायची, हा नाही. आक्काने त्याची खोली तशीच ठेवली, ती ठेवू दे. पण दुकानाचं काय? जत्रेत दुकानांच्या जागा पिढीजात ठरलेल्या असतात. आक्काची जागा देवळाच्या दीपस्तंभाजवळची, सगळ्यात मोक्याची. माझी धाकटी सेजल शाळेत होती तेव्हापासून आत्याबरोबर कढया उचलते. पाक तिला येतो. दुसरीकडे नोकरी चालून आली तरी पोरगी म्हणते, "बाबा, माका खाजांच करूचां आसा." आणि आक्काचं आपलं ठरलेलं, "रुद्रेश येतलो. तोपर्यंत तू बघ." तोपर्यंत! म्हणजे माझ्या पोरीने दुसऱ्याची जागा धरून बसायचं, बसच्या सीटवर रुमाल टाकतात तसं.

म्हणून रुद्रेशने आम्हा दोघांना तिकिटं पाठवली तेव्हा मी लगेच बॅग भरली. आक्का झिलाला विचारायला निघाली होती. मी त्याचा कान पिळायला निघालो होतो.

आक्काची एक खोड सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गाऱ्हाणं. आमचे बाबा देवळात गाऱ्हाणं घालायचे, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाला साकडं. ते म्हणणार, लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणणार. बाबा गेले, देवळातलं गाऱ्हाणं दुसऱ्यांकडे गेलं, पण आक्काच्या जिभेवरचं कोण काढणार? गॅस पेटवताना गाऱ्हाणं, बस सुटताना गाऱ्हाणं. विमान सुटताना तिने हात जोडले, "बा देवा म्हाराजा, ह्या लोखंडाक वर घेतलंस तसाच सांभाळून खाली ठेव." मी सवयीने मोठ्याने "व्हय म्हाराजा!" म्हटलं, तर हवाई बाई पाणी घेऊन धावत आली.

आणि गाऱ्हाण्याच्या पुढची गोष्ट म्हणजे कौल. दसऱ्याला आमच्याकडे देवाची तरंगं निघतात, लुगडी नेसवलेले उंच खांब. ती धरणाऱ्याच्या अंगात भार येतो. तो थरथरतो, मागून दोघं त्याला धरून ठेवतात. त्या वेळी तो माणूस नसतो, देव असतो. समोर पिकली म्हातारी उभी असली तरी तिला "लेकरा" म्हणतो. त्याला विचारायचं, तो सांगेल तो कौल. एकदा आक्काच्या सख्ख्या दिराच्या अंगात भार आला आणि तिने ठरवलेली विहिरीची जागा त्याने मोडून काढली. त्या दिराशी तिचं रोज वाजायचं, शेजारी कान लावून ऐकायचे. पण त्या कौलाबद्दल तिने त्याला एका शब्दाने छेडलं नाही. छेडायचं नसतंच. भार उतरला की आपण काय बोललो हे त्या माणसाला ठाऊक नसतं, आणि देवाने सांगितलेल्याचा राग माणसावर काढायचा नसतो. हा आमचा कायदा. कोर्टकचेरीपेक्षा पक्का.

त्रिनिदादला रुद्रेशचं घर डोंगराच्या उतारावर. परसात निरफणसाचं झाड. ते बघून आक्का जी खूश झाली ती संध्याकाळपर्यंत कापं तळत बसली. सून शार्मेन उंच, मोकळ्या गळ्याची, हसली की वाड्याला कळावं. तिला मराठी नाही, आक्काला इंग्रजी नाही, तरी दोघींचं दिवसभर चालायचं. मला इंग्रजी येतं, माझ्याशी कुणी बोलत नव्हतं.

आक्का झिलाला रोज विचारायची. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. "बाबू, घराक कधी येतंस?" आणि तो, "येतंय गे आये. बघूया." मान खाली. एकदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अरे मेल्या, हो म्हण नाहीतर नाही म्हण! ती काय जन्मभर दार उघडं ठेवून बसणार?" त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मामा, चाय घेतंस?" गाढवापुढे वाचली गीता. आक्का उलट मलाच म्हणाली, "त्याका वरडू नको. त्याच्यान होवचां नाय." काय होवचां नाय, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग तिथल्या कार्निव्हलचा दिवस आला. कार्निव्हल म्हटल्यावर मला आमच्या पणजीचा आठवला, सजवलेले ट्रक आणि दुपारचं ऊन. रुद्रेश म्हणाला, "तां मागीर. आधी जुवे." जुवे म्हणजे दिवस उघडणं. काळोखात सुरू करायचं आणि उजाडेपर्यंत रस्त्यावर नाचायचं. अंगाला चिखल, तेल, रंग फासायचा. कोण साहेब आणि कोण झाडूवाला हे ओळखू येता कामा नये. शार्मेनच्या पूर्वजांना इथे गुलाम म्हणून आणलेलं. सुटका झाल्यावर त्यांनी पहाटेचा रस्ता आपला करून घेतला. हे सांगताना तिचा आवाज बारीक झाला. आदल्या संध्याकाळी रुद्रेश घरातून निघाला. जाताना आईला म्हणाला, "मी मेळात आसतलंय. ओळखून दाखव माका." 

शार्मेनने आम्हाला उठवलं तेव्हा बाहेर मिट्ट काळोख. डोंगर उतरून शहरात आलो. रस्त्यावर माणसं होती पण दिसत नव्हती, नुसती चाहूल. आणि मग आवाज आला. कानाला नव्हे, आधी तळपायाला आला. मी उभा जन्म इंजिनावर बसून काढला, मला थरथर कळते. पण ही कुठल्या इंजिनाची नव्हती. वळणावरून माणसं आली, रस्ता भरून, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि प्रत्येकाच्या अंगावर ओला चिखल. बाई नाही, पुरुष नाही, गोरा नाही, काळा नाही. नुसते डोळे आणि दात. माती उठून चालायला लागली होती. बापरे! माझ्या अंगावर काटा आला तो आज सांगतानाही येतो आहे.

त्यांच्या मधोमध चाकांच्या मांडवावर वाद्यं. तेलाची पिंपं कापून, ठोकून केलेली, आणि त्यांतून आवाज कसा गोड! शेजारी एकजण लोखंडाच्या कांबीने कशावर तरी ताल धरत होता. मी पुढे होऊन पाहिलं तर गाडीच्या चाकातला ब्रेकचा ड्रम! असले ड्रम मी आयुष्यभर शिव्या देत बदलले. त्यात हे आहे हे मला कुणी सांगितलंच नाही. मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं, का ते विचारू नका.

मी चपला काढल्या. देवाची मिरवणूक समोरून येते तर चपला कशा ठेवायच्या? शार्मेन इंग्रजीत ओरडली, "अंकल, काचा!" आणि माझ्या पायांत पुन्हा चपला कोंबल्या. एवढ्यात कुणीतरी चिखलाची बादली घेऊन आक्कासमोर उभं राहिलं. मला वाटलं आता ही बया भडकते. आक्काने बादलीत बोट बुडवलं आणि अंगाऱ्यासारखं कपाळाला लावलं. मग माझ्या कपाळाला. मग शार्मेनकडे बघून पदर खोचला आणि दोन्ही हात पुढे केले. तिने आक्काला डोक्यापासून पायापर्यंत माखली. आमच्या गावात शिगम्याचं रोमट नाचतं, ढोल-ताशे, पुरुषांचा सगळा दंगा, आणि बायका आपल्या ओट्यावरून बघणार. तीच आक्का त्या रस्त्यावर रोमटाची पावलं टाकत निघाली, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी अनोळखी माणसं तिचीच पावलं उचलायला लागली. मीही निघालो. किती चाललो कुणास ठाऊक. गुडघे दुखतात हे मी विसरून गेलो होतो.

आकाश जरा करडं झालं असेल, तेव्हा पुढून किंकाळ्या ऐकू आल्या. गर्दी दुभंगली. निळी माणसं येत होती. त्यांचे ते निळे सैतान. कपड्यांना घालायची नीळ असते ना, तसली अंगभर फासलेली, कपाळावर शिंगं, तोंडातून लाल लाळ. मागे पोरं बिस्किटांचे पत्र्याचे डबे बडवत होती. एकाच्या कमरेला दोर, मागून दोघांनी तो आवळून धरलेला, आणि तो थरथरतोय, लोळतोय, पुन्हा उसळतोय. त्याने लोकांना भिववायचं आणि लोकांनी हातावर काहीतरी ठेवून सुटका करून घ्यायची, असा तो खेळ. मला ते नंतर कळलं. तेव्हा माझ्या डोळ्यांना एकच दिसलं: मागून दोघांनी धरलेला, थरथरणारा माणूस. भार आलेला.

तो उसळत उसळत आला आणि नेमका आक्कासमोर थांबला. पंजा पुढे केला, किंकाळी फोडली. शार्मेन हसत होती. आक्काने हात जोडले.

"बा म्हाराजा!" ती खणखणीत म्हणाली. बाबांचाच आवाज.

"व्हय म्हाराजा!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी खंयची खंयसून तुझ्या पायाकडे इलंय."

"व्हय म्हाराजा!" या वेळी आजूबाजूच्या चिखलाच्या माणसांनीही माझ्याबरोबर आवाज दिला. त्यांना काय कळलं देव जाणे, पण हाकेला ओ द्यायची हे त्या लोकांना कुणी शिकवावं लागत नाही.

"एकुलतो एक झील माझो. दर वर्साक येतंय म्हणता. मी दार उघडां ठेवन बसलंय."

"व्हय म्हाराजा!" अख्खा रस्ता म्हणाला.

"आज माका खरां काय तां सांग. तो घराक परत येतलो, काय हयच्याच मातयेक लागलो? जां आसात तां सांग. मी रागावचंय नाय. तुझो कौल माथ्यार घेतलंय."

निळ्याचा पंजा खाली आला. पत्र्याचे डबे वाजायचे थांबले. त्याचं अंग आधीही थरथरत होतं, पण ते सोंग होतं. आता जी थरथर सुटली ती वेगळी, एवढं मला कळलं. मी आक्काचा हात धरला. "आक्का, चल, हो आपलो देव नव्हे..." 

"येवचो नाय," तो निळा म्हणाला.

आमच्या बोलीत. केरीच्या बोलीत.

"तुझो झील येवचो नाय," तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने, घसा फुटून. "भेटाक येतलो. रवाक येवचो नाय. त्याचां घर हय आसा. त्याची वाट बघू नको, लेकरा."

लेकरा म्हणाला. आपल्या आईला. आणि आक्का खाली वाकली आणि त्या चिखलात त्याच्या निळ्या पायांवर तिने डोकं टेकवलं. आईने झिलाच्या पाया पडायचं! तो मागे सरू शकत नव्हता, तिला उचलू शकत नव्हता. देव कुणाला उचलत नाही. तो ताठ उभा राहिला आणि डोळ्यांखालची नीळ ओघळत गेली. मग मागच्या दोघांनी दोर ओढला आणि गर्दीने त्याला आत घेतलं. डबे पुन्हा वाजायला लागले.

उजाडलं तेव्हा आम्ही समुद्रावर होतो. अंग धुवायला सगळं शहर तिथे लोटलेलं, किनाऱ्याचं पाणी मातकट झालेलं. आमच्या केरीला सूर्य समुद्रात बुडतो; इथे पाणी उजळत होतं आणि माणसं एकेक करून चिखलातून बाहेर येत होती. कुणी म्हातारा निघाला, कुणी कोवळी पोर. मी एरवी असं बघून थक्क होणारा माणूस नव्हे. त्या दिवशी झालो.

आक्का वाळूत बसली होती, ओली, शांत. मी तिच्याशेजारी बसलो. मला राहवेना. म्हटलं, "आक्का, तो निळो... तो रुद्रेश होतो गे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा सहावीत गेलो. "मधू, माझो झील तू माका दाखयतंस?"

मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. हिला पहिल्यापासून माहीत होतं. घरात तो तिचा झील होता, आणि आईला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. त्याच्यान होवचां नाय, म्हणाली होती ना? म्हणून तिने तो जिथे कुणाचा झील नव्हता तिथे त्याला गाठलं, आणि त्याला झेपेल असं करून विचारलं. आपल्याला नको असलेलं उत्तर मिळणार हे ठाऊक असून विचारलं. मी भांडायला आलो होतो. कुणाशी भांडू?

"फोन लाव सेजलाक," ती म्हणाली. आमच्याकडे तेव्हा दुपार. सेजलने उचलला. आक्का कधीच फोनवर हळू बोलत नाही. "सेजल, दीपस्तंभाकडली जागा तुझी. आजपासून. तोपर्यंत नव्हे, कायमची. आयकलंस? आणि रडू नको, पाक करपता." माझ्या पोरीला हवं होतं ते मिळालं, आणि मला आनंद झाला. खरंच झाला.

फोन मला परत देताना आक्का माझ्या मागे बघत होती. रुद्रेश उभा होता. धुऊन आला होता, पण कानांच्या मागे आणि नखांत नीळ राहिली होती. त्याने सगळं ऐकलं होतं. तो आईसमोर वाळूत बसला आणि एवढा बाप्या माणूस, बायकोदेखत, सगळ्या समुद्रकिनाऱ्यादेखत हुंदके द्यायला लागला. "आये, माका माफ कर. मी..."

आक्काने ओल्या पदराने त्याच्या कानामागची नीळ पुसली. निघेना, तेव्हा पदराला थुंकी लावून पुसली, लहानपणी पुसायची तशी.

"रडतंस कित्याक?" ती म्हणाली. "नाय म्हणालो तो देव. तू माझो झील. तू माका जन्मात कधी नाय म्हणाक नाय."